बाबांचे पाय सुजले तेव्हा

एका रविवारी बाबा भाजी घेऊन आले, दारात चप्पल काढली, तरी पट्ट्याची खोल खूण पावलावर तशीच राहिली. जेवताना पाहिलं तर बोटातली अंगठीही रुतून बसली होती. "उकाडा आहे," ते म्हणाले. चेन्नईत हे कारण बाराही महिने खपतं, म्हणून मीही ते खपवून घेतलं.

बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. तरुणपणी सोलापूरहून बदली होऊन इथे आले आणि वेस्ट मांबलममध्येच राहिले. तीन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांपुरतं उरलं. तेव्हापासून तिला उठवून खुर्चीत बसवणं, अंघोळीला नेणं, पुन्हा झोपवणं, सगळं बाबाच करत. माझं ऑफिस शोळिंगनल्लूरला. सकाळी निघायचे ती दिवेलागणीनंतरच परतायचे. मदतीला बाई ठेवू या, असं मी कितीदा म्हटलं. "माझे हातपाय चालतायत तोवर नको," एवढंच उत्तर मिळायचं.

रक्तदाब त्यांना जुनाच होता. रोजच्या एका गोळीवर तो कित्येक वर्षं आटोक्यात होता, पण त्या उन्हाळ्यात अचानक वाढला. नुंगंबाक्कमच्या डॉक्टरांनी गोळीचा डोस दुप्पट केला, आणि त्यानंतर सूज पार पोटरीपर्यंत चढली. मी ऑफिसच्या बसमध्ये फोनवर शोधू लागले. सूज आणि रक्तदाब हे शब्द एकत्र टाकले की मूत्रपिंड आणि हृदय यांशिवाय काही दिसेना. माझे काका मूत्रपिंडाच्या आजारानेच गेले होते. मी घाबरून बाबांच्या ताटातलं मीठ कमी केलं, लोणचं-पापड वरच्या फळीवर टाकले. ते मुकाट्याने जेवायचे. सूज काही उतरली नाही.

शेवटी शेजारच्या मामींनी (इथे वडीलधाऱ्या बाईला मामी आणि पुरुषाला मामाच म्हणतात) मागच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. "तंजावूरच्या मराठी घरातल्या आहेत, तुमची भाषा बोलतात," त्या म्हणाल्या.

बाई साठीच्या असाव्यात. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल काढून बोललेली. ऐकायला मला फार गोड वाटली. बाबांना खुर्चीत बसवून त्या स्वतः बुटक्या स्टुलावर बसल्या आणि त्यांचं पाऊल सरळ स्वतःच्या मांडीवर घेतलं. बाबा संकोचून पाय ओढू लागले. "राहू द्या, मामा," म्हणत त्यांनी नडगीवर अंगठा दाबून धरला. काढला तेव्हा तिथे खळगा पडला होता.

"दोन्ही पाय सारखे सुजले आहेत. एकच सुजला असता तर शिरेत गुठळी आहे काय म्हणून आधी पाहिलें असतें."

मग प्रश्न सुरू झाले. झोपताना किती उशा लागतात? जिना चढताना धाप लागते काय? लघवीला फेस येतो काय? सकाळी डोळ्यांखाली फुगतं काय? उशी एकच, बाकी सगळ्याला नाही. प्रत्येक प्रश्न कशासाठी, हे त्या मला समजावत होत्या. उशा आणि धाप हृदयासाठी, फेस आणि डोळे मूत्रपिंडासाठी. मानेची शीर पाहिली, पाठीला स्टेथोस्कोप लावला, सगळ्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडायला लावली.

"रक्तदाबाची ही गोळी कित्येकांचे पाय सुजवते. डोस वाढला की जास्तच. पण इतकी वर्षे शहाण्यासारखा राहिलेला रक्तदाब मुळात वाढला कशाने?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "मामा, सकाळी उठल्यापासून काय काय करता तें सांगा. मला घाई नाही."

बाहेर सहा-सात पेशंट ताटकळत होते. त्या खरंच घाई नसल्यासारख्या बसून राहिल्या.

बाबा सांगू लागले. पाचला उठतो, दूध तापवतो, कॉफी करतो. मग हिला उठवायचं असतं, त्याआधी गोळी घेतो, मग...

"कसली गोळी?"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "गुडघ्याची. मेडिकलमधून आणतो. रोज दोन. अंघोळीचा दिवस असला तर तीन."

"कधीपासून?"

"चार महिने झाले असतील."

मी जवळजवळ ओरडलेच. "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"तू लगेच बाई ठेवली असतीस," ते खाली बघत म्हणाले. "हॉस्पिटलात परक्या हातांनी उचललं की ती रडायची. तू पाहिलं नाहीस. मी पाहिलंय."

डॉक्टरीणबाई बाबांना रागावल्या नाहीत. दुखऱ्या गुडघ्यांनी चार महिने रोज उचललंत, इतकंच त्या हळू म्हणाल्या आणि कागद पुढे ओढून समजावू लागल्या. ही वेदनाशामक गोळी शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते, त्याने हातपाय सुजतात आणि रक्तदाबही चढतो. तो चढला म्हणून त्याच्या गोळीचा डोस वाढला, आणि त्या डोसाने पाय आणखी सुजले. आधीच्या डॉक्टरांची चूक नव्हती. त्यांना गुडघ्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

"गुडघ्याची गोळी आजच बंद. रक्तदाबाची मात्र मनाने सोडायची नाही, ती मी बदलते. आणि माझा अंदाज बरोबर आहे असें धरून बसायचें नाही. लघवी, रक्त, हृदयाची सोनोग्राफी, सगळें करून या."

हृदय ठीक निघालं, लघवी स्वच्छ होती. रक्तातला मूत्रपिंडाचा आकडा मात्र थोडा वर होता. आणखी काही महिने लपवलं असतं तर, हा विचार मी पुढे नेला नाही. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरली, रक्तदाब खाली आला, आणि पुढच्या तपासणीत तो आकडाही जागेवर आला. गुडघ्यांसाठी शेक, व्यायाम आणि साधं पॅरासिटामॉल सुरू झालं.

एका सकाळी डॉक्टरीणबाई आपण होऊन घरी आल्या. आजारी माणसाच्या कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला कसं उठवायचं, हे त्यांनी बाबांना शिकवलं. सोबत त्यांच्या ओळखीच्या एक मध्यमवयीन तमिळ बाई होत्या. त्या बाईंना डॉक्टरीणबाईंनी लगेच आईला हात लावू दिला नाही. आधी आईसमोर बसवलं आणि म्हणाल्या, "मामी, या रोज येतील. चालेल काय, तुम्हीच सांगा."

तीन वर्षांत आईला असं कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. आई त्या बाईंकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने डावा हात पुढे केला.

बाबा दाराशी उभे होते. स्वयंपाकघरात गेले, आणि आतून त्यांनी त्या बाईंना तमिळमध्ये विचारलं, कॉफीत साखर किती घालू.