स्क्रीन काळी राहू दे!

भित्र्या माणसांकडे किस्से फार. वर्ध्याच्या आमच्या लॅबमध्ये तर ते साचतच जातात, कारण काम असं की जरा चुकलं की महिन्यांची मेहनत पाण्यात. जिवंत पेशीतल्या एखाद्या प्रोटीनला चमकणारा रंग चिकटवायचा, लेझर टाकायचा आणि साध्या मायक्रोस्कोपला दिसत नाही इतकं बारीक पाहायचं. ऐकायला सोपं आहे. करताना कळतं!

*

या रंगाला उजेड सोसत नाही, उडून जातो. म्हणून माझ्या शेजारी पीएचडी करणारी देवळीची वैशाली भरदुपारी खोलीत अंधार करून बसते. एकदा तिची आई डबा घेऊन आली आणि तिने दार सताड उघडलं. वैशाली अशी किंचाळली की आई डबा टाकून खुर्चीवर चढली!

"आई, दार लाव वं! रंग उघडा हाये!"

"रंग? मले वाटलं साप निघाला!" आई खुर्चीवरूनच म्हणाली.

*

माझी पहिली पेशी. चित्र अंधुक येत होतं, म्हणून मी लेझर वाढवला. काय चित्र आलं म्हणता! एकेक धागा सुटा. धावत जाऊन आमच्या गाइड सरांना घेऊन आलो. तोवर पेशीला फोड आले होते, आणि आमच्या डोळ्यांदेखत ती आक्रसून मेली.

सर म्हणाले, "फोटो उत्तम. पेशंट गेला!"

पुढे कितीतरी दिवस त्या बटणाला हात लावायची माझी छाती झाली नाही.

*

या सरांना सगळी लॅब टरकून असते. त्यात मशीन इतकं नाजूक की बाजूने कोणी चाललं तरी चित्र हलतं. एकदा सर तरातरा आत शिरले आणि वैशालीच्या तोंडून निघून गेलं, "हलू नका!"

सर जागीच थिजले, एक पाय वर! फोटो पूर्ण होईपर्यंत तसेच. मग वैशाली रडकुंडीला येऊन म्हणाली, "सर, पाय ठेवजा आता... हळू."

*

सरांच्या मॅडम सांगत होत्या, "घरी सिंदी मेघेत लाईट गेली का हे पहिले लॅबमध्ये फोन लावतात, पेशी जित्या हायेत का म्हणून. मेणबत्ती मीच शोधतो!"

*

वैशालीची थिसिस अगदी द्यायला आली होती. रंगाची जुनी बाटली संपून नवी आली होती, चित्रं सगळी नव्या रंगाची. पण घाईत कंट्रोल जुन्याच रंगाचा राहिला. कंट्रोल म्हणजे ज्या पेशींत रंग धरणारी कडी प्रोटीनला जोडलेलीच नाही, त्या. त्यांनी काळंच राहायला हवं. चमकल्या, तर रंग वाटेल तिथे चिकटतोय आणि तिची सगळी वर्षं वाया!

हे सरांच्या लक्षात आलं त्याच दुपारी नव्या रंगाच्या कंट्रोलची डिश मायक्रोस्कोपखाली ठेवली. आम्ही तिघे अंधारात. वैशालीने डोळे गच्च मिटलेले.

"तूच पाह्य ना. काळं हाये का?"

काळंकुट्ट! वैशाली रडायलाच लागली. सरांनी चक्क माझी पाठ थोपटली, तर त्यांचा हात गार पडलेला.

मग माझी नजर लेझरकडे गेली. त्याची झडप बंद होती. डिशवर उजेड पडलाच नव्हता.

मी सांगितलं. वैशालीने डोळे पुसले आणि बटणावर बोट ठेवलं.

"उघडू, सर?"

सर दाराकडे सरकले.

"थांब पोरी. पहिले चहा पिऊन घेऊ."