माझ्या पिशवीतली वांगी

ती वांगीच होती की दोडके, हे आता मी शपथेवर सांगू शकत नाही. फजिती मात्र माझीच होती, त्यात शंका नाही!

गंगापूर रोडचा रविवारचा शेतकरी बाजार ठाऊक आहे ना? आठवडाभर पिझ्झा हाणायचा आणि रविवारी गाडीतून उतरून पालकाचा वास घेत ‘अहाहा, माती!’ म्हणायचं, अशी तिथली मंडळी. त्यांना हसायला मी जातो. संख्याशास्त्रातली डॉक्टरेट आणखी कशाला उपयोगी पडणार?

त्या दिवशी मात्र कामगिरी होती. मुलीने स्वतःच पसंत केलेल्या मुलाचे आईवडील संध्याकाळी पहिल्यांदाच जेवायला यायचे होते. “कोवळी काटेरी वांगी आणा. आणि त्यांच्यापुढे बावळटपणा करू नका,” हिने बजावलं. मला दोन्हींचं दडपण!

वांगी घेतली, तेवढ्यात भाजीवाली मावशी म्हणाली, “बाबा, जरा बसता का माझ्या जागी? पाणी भरून आणते. लय वेळ नाय लागायचा.”

नाही म्हणणं मला कधी जमलंय? बसलो क्रेटवर, पिशवी मांडीवर.

एक गॉगलवाल्या बाई आल्या. “पिशवीत काय लपवलंय?”

“वांगी. पण ती...”

“बघा! चांगला माल आत, आणि आम्हाला हा कचरा!”

“अहो, मी शेतकरी नाही.”

“म्हणजे दलाल?” बाई केवढ्यांदा ओरडल्या! “या हो सगळे, दलाल सापडला!”

माणसं जमली. कुणी मोबाइल काढला. एकाने माझे तळहात तपासले. “या हातांनी कधी खुरपं धरलंय?” नव्हतंच हो धरलं! क्षणभर मलाच वाटलं, असेनही मी दलाल.

“शेतकरीच आहे,” मी पुटपुटलो.

“कुठले?”

“न... नामपूरचा.”

“तिकडे तर कांदा पिकतो!”

“मधेमधे वांगी,” असं म्हणून मी पिशवी बाईंच्या हातात कोंबली आणि अक्षरशः पळालो. घरी दुधी नेला. हिने जे ऐकवलं ते सोडा.

संध्याकाळी दार उघडलं. गॉगल नव्हता, पण बाई त्याच!

जेवणभर मी ताटातून मान वर केली नाही. त्यांनी दुधी मात्र दोनदा मागून घेतला. लग्न ठरलं, झालं.

काही वर्षांनी, नातवाच्या बारशाला, धीर करून विचारलं, “विहीणबाई, तेव्हा ओळखलं होतंत मला?”

“दारातच! बाजारातून तुम्ही पळालात आणि भाजीवाली आली. ‘ते तर माझं गिऱ्हाईक’ म्हणाली.”

“मग होकार कसा दिलात?”

“अहो, स्वतःची वांगी गेली तरी धड भांडता आलं नाही तुम्हाला. असा व्याही हुडकून तरी सापडला असता का?”