तीच बाई, दुसऱ्या पुस्तकात

बायको गेली त्याला आठ महिने झाले. रडून झालंय, ते इथं सांगत न्हाई. सांगायचंय ते खानावळवालीचं.

टीव्हीवरच्या एका मालिकेत ती म्हातारी होती. फाटक्या तोंडाची, पण कुणाला उपाशी उठू द्यायची न्हाई. आम्हा दोघांचाही तिच्यावर जीव. आमच्या मांडवगणात लाईट गेली की निम्म्या गावाचा मालिकेचा भाग बुडायचा. आमच्याकडं इन्व्हर्टर, म्हणून दुसऱ्या दिवशी खुरपायला बसल्या की बाया हिलाच गोष्ट सांगायला लावायच्या. सांगणारीची पात, म्हंजी तिच्या वाट्याची ओळ, शेजारणींनी खुरपून द्यायची, असा आमच्याकडं रिवाज. हिचं खुरपं कमी चालायचं आन् तोंड जास्त, पण हिची ओळ कधी मागं राहिली न्हाई.

ही गेली आन् मालिकाही संपली. औंदा कांद्यात बाया मुक्यानं खुरपायला लागल्या. मला ते ऐकवेना.

मग एकदा डोळे दाखवायला शिरूरला गेलो. एसटी चुकली म्हणून वाचनालयात टेकलो. चौथी शिकलेला मी, पेपराचे मथळे वाचणारा. टेबलावर एक कादंबरी पडली होती, ती उघडली. तर तिसऱ्याच पानावर नाव चालवणारी एक बाई उतारूंना शिव्या घालत होती, आन् शिव्या घालता घालता एका उपाशी म्हातारीला आपली भाकरी काढून देत होती. मी उठून उभाच राहिलो. ही तर आपली खानावळवाली! गाव दुसरं, धंदा दुसरा, बाई तीच. पुढचीही एसटी चुकली.

पुस्तक घरी आणून बारा दिवस बोट लावून वाचलं. तेराव्या दिवशी खुरपं घेऊन बायांच्या रांगेत बसलो आन् एका दमात सांगून टाकलं, नाव बुडती, बाई वाचती.

कुणी माझ्या ओळीला हात लावला न्हाई. हिच्या मैत्रिणीनं मान वर केली.

"एवढ्यात संपली व्हय आबा? मग खुरपा तुमची पात तुम्हीच."

तिचं खरं होतं. ही कधी शेवट आधी फोडायची न्हाई. मी परत पहिल्यापासून धरलं. घाट, उतारू, कुणाला कुठली शिवी बसली, समदं. शिवी देताना ही मान उडवायची, तशी माझी उडाली.  बाया हसायला लागल्या, आन् थांबेनात. बांधाला पोचलो तवा मागं बघितलं. माझी ओळ साफ होती. मी चार हातसुद्धा खुरपलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं शिरूर गाठलं. वाचनालयातल्या पोरीपुढं पुस्तक ठेवून म्हणालो, ह्या नाववालीसारखी अजून एक बाई दे.

"कशी बाई पाहिजे, आबा?"

"तोंडाळ. मनानं चांगली. आन् पुस्तक जाड दे, कांदा चार एकर हाय."