बंद केलेला आवाज

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकमधल्या एका छोट्या खाजगी हॉस्पिटलात मी आयसीयूची सिस्टर होते. श्वासाची मशीनं दोन, एक जुनं, एक नवं. इशारे दोन्हींचे सारखेच. पिवळा दिवा नुसता लागून राहिला तर हातातलं काम संपवून जायचं. उघडझाप करू लागला आणि तीनदा आवाज झाला तर लवकर जायचं. लाल दिवा आणि न थांबणारा आवाज म्हणजे श्वास पोहोचत नाही, पळायचं. नव्याचा आवाज बंद केला तर दोन मिनिटांनी आपोआप सुरू व्हायचा. जुन्याचा मात्र आपण सुरू करेपर्यंत बंदच.

घशातल्या नळीतून कफ ओढायचा तर मशीनची नळी सोडवावी लागते, आणि सोडवली की लाल इशारा होतो. बाहेर बाकावरचे नातेवाईक घाबरायचे, म्हणून आम्ही सगळ्याजणी आधी आवाज बंद करायचो. लिहिलेलं कुठंच नव्हतं. मला मोठ्या सिस्टरनी शिकवलं, मी धाकटीला.

जुन्या मशीनवर हरसूलकडचा एक माणूस होता. मण्यार चावली होती. पापणीही हलत नव्हती, पण ऐकू सगळं येत होतं. वेळेवर मशीन मिळालं की असे रुग्ण बहुतेक वाचतात. त्याची बायको दुपारी तासभर जवळ बसायची.

"ताई, तुमचं मशीन माझ्या सासूवाणी हाय. घडीघडी कुरकुर."

"सासूकडे लक्ष देता का?"

"वरडली तरच."

"मग इथंही तसंच करा. दिव्यांकडे बघत बसू नका. वाजलं की हाक मारा."

चौथ्या दुपारी मी कफ ओढला, नळी जोडली, तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या आजींनी सलाइनची सुई उपसून काढली. मी तिकडे धावले. आवाज सुरू करायचा राहिला. नळीही नीट बसली नव्हती.

परत आले तर लाल दिवा उघडझाप करत होता आणि ती नवऱ्याचा तळवा चोळत बसली होती.

"हात लय गार लागतोय, ताई."

मी नळी बसवली, आवाज सुरू केला, मग डॉक्टरांना हाक मारली. ते आले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. अर्धा तास छाती दाबून ते म्हणाले, "विषानं हृदय गेलं." मी मान डोलावली.

नंतर तिनं मला गाठलं. "दिवा दिसत व्हता मला. पण वाजलंच नाय ना? का मलाच ऐकू नाय आलं?"

"आता त्याचा विचार करू नका," मी म्हणाले.

वाजलं नव्हतं, मी बंद केलं होतं, एवढंच सांगायचं होतं. तिच्या जिवाचा घोर गेला असता आणि माझी नोकरी. मी नोकरी धरली.

महिन्याभरानं ती मृत्यूच्या कागदांसाठी आली. काउंटरवर विचारत होती, त्या ताई हायेत का. मी औषधांच्या खोलीत शिरले आणि ती जाईपर्यंत दार लोटून उभी राहिले.