जिन्यावरचा आवाज

चोविसाव्या वर्षी माझं वजन एकशे तीस किलो होतं. सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन समजावून सांगितलं. शेजारी बसलेली आई म्हणाली, "कापाकापी कशाला? कमी खा की."

मला वडील आठवले. तेही माझ्यासारखेच जाड होते आणि हार्ट अटॅकनं घरातच गेले. त्यांना चादरीत घालून जिन्यावरून उतरवताना कुणीतरी पुटपुटलं होतं, "लई जड हाय." मी तेव्हा बारा वर्षांचा होतो.

हे मी आईला त्या दिवशी दवाखान्यात पहिल्यांदाच सांगितलं. ती हळूच म्हणाली, "मीबी ऐकलं होतं."

ऑपरेशनची तारीख तिनंच विचारली. आता माझं वजन बरंच उतरलंय, पण जिन्यात मागून कुणी आलं की मी अजूनही थांबतो आणि त्याला पुढं जाऊ देतो.