चिंच तोडली तो दिवस

छावणीतल्या आमच्या चर्चच्या आवारात एक जुनी चिंच होती. पावसाळ्यात तिच्यावर बगळे घरटी करायचे. शेंडा पांढरा दिसायचा आणि खाली कुजक्या मासळीचा वास सुटायचा. उपासनेला येणाऱ्यांच्या गाड्या विष्ठेनं भरायच्या, कधी एखादीची रेशमी साडी. त्या वर्षी मंडळीच्या खजिनदारांच्या मुलीचं लग्न ठरलं. मांडव आवारातच पडणार होता, म्हणून पंचांनी चिंच तोडायचं ठरवलं.

माझी आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, तेव्हा नुकतीच निवृत्त झालेली. रविवारी उपासना संपल्यावर ती सगळ्यांसमोर उभी राहिली.

"पिलं अजून उडत नाहीत. दसऱ्यापर्यंत थांबा. मग कुऱ्हाड मीच आणून देते."

खजिनदार हसले. "बाई, देवानं माणसाला पाखरांवर सत्ता दिलीय. बायबलात, उत्पत्तीच्या पुस्तकातच आहे ना?"

"व्हय, दिलीय. आणि आदामाला बागेत कशाला ठेवलं? राखायलाच ना? तेबी तिथंच हाय, पुढचं पान उलटा."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी बायबल मिटलं. "लग्न काही पुढं ढकलता येत नाही," एवढंच ते म्हणाले.

त्याच आठवड्यात एका सकाळी करवतीचं मशीन सुरू झालं. आमचं घर आवाराला लागूनच. आई चहा तसाच टाकून धावली, मी तिच्या मागं.

फांदी खाली आली की तिच्याबरोबर घरटी यायची. पिलांच्या अंगावर नुसता कापूस, चोची उघड्या. काही आपटून जागीच गेली. बरीच गेली नाहीत. पंख लोंबकळत, पाय ओढत ती चिखलात सरपटत होती, आणि भिंतीवरून कुत्री उतरायला लागली होती. तोडणाऱ्यानं मशीन बंद केलं. "साहेब, लई पिलं हायत."

"तुमचं तुम्ही काम करा," खजिनदार म्हणाले.

दोन माणसं खराट्यानं मेलेली-जिवंत सगळी एकत्र लोटून पोत्यात भरत होती. पोती हलत होती. वर बगळे घिरट्या घालत होते. एकाच्या चोचीतून मासा सुटून गाडीच्या काचेवर पडला.

आई चिखलात बसली. अपघात विभागात बसावं तशी. एकेक पिलू हातात घेऊन पंख, पाय चाचपायची. धड असलं तर माझ्यापुढच्या टोपलीत. मोडलेलं असलं तर मान पिरगळायची, चटकन, आणि बाजूला ठेवून पुढचं उचलायची. तिचा चेहरा मला ओळखू येईना.

खजिनदारांची बायको किंचाळली, "अहो बाई, काय हे! मुक्या जिवाची मान मोडताय! ख्रिस्ती माणसाला शोभतं का?"

"हाडं मोडलीत त्यांची. पोत्यात दिवसभर तडफडू द्यायची का?"

"ते देवाच्या हातात आहे."

"देवाच्या हातातच होती," आई म्हणाली. "झाडावर."

कुणीतरी मोबाइलवर तिचं चित्रण केलं. संध्याकाळपर्यंत ते मंडळीतल्या घराघरांत पोचलं. त्यात झाड नव्हतं, करवत नव्हती, पोती नव्हती. चिखलात बसून पिलांच्या माना मोडणारी एक म्हातारी तेवढी होती.

दोन दिवसांनी पाळकसाहेब घरी आले. खुर्चीच्या कडेला टेकून म्हणाले, "लोकांची मनं दुखावलीत. तुम्ही मंडळीसमोर क्षमा मागा. तोवर प्रभुभोजनाला पुढं येऊ नका."

"आणि झाड तोडणारे?"

ते उठले. चहाही न घेता गेले.

आईनं क्षमा मागितली नाही. उपासनाही चुकवली नाही. प्रभुभोजनाचा प्याला फिरायला लागला की ती मांडीवर हात ठेवून बसून राहायची. आयुष्यभर तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण दुसऱ्या बाकावर गेली. लग्न थाटात झालं. बिर्याणीचा वास आमच्या खिडकीतून आत आला. आमंत्रण आलं नाही.

टोपलीतली पिलं आम्ही न्हाणीत ठेवली होती. बाजारातला मासेवाला रोज हाक मारायचा, "खाला, छोटी मच्छी अलग रखी है तुम्हारे लिए." आई ती बारीक चिरून चिमट्यानं भरवायची. तरी पिलं मरत गेली. कधी एखादं खायचंच बंद करायचं, कधी सकाळी दार उघडलं की ताठ झालेलं दिसायचं. शेवटी एक उरलं. ते वाढलं, पांढरंशुभ्र झालं आणि आईच्या हातावर चोच मारायला शिकलं.

आम्ही त्याला आमच्या शहरातल्या दिल्ली गेटाजवळच्या तळ्यावर नेलं. ते उडालं आणि बाभळीवर इतर बगळ्यांत जाऊन बसलं. त्यांनी त्याला चोची मारून खाली हाकललं. ते दुसऱ्या फांदीवर गेलं, तिथूनही हाकललं. मग ते काठावर, गाळात, एकटंच उभं राहिलं. मी त्याला परत आणायला पुढं झालो.

आईनं माझा दंड धरला. "नको. न्हाणीत बगळा राहत नाय."

संध्याकाळ होईस्तोवर ती तिथंच उभी होती. ते गाळातून हललं नाही.