ताईंनी मला जाऊ दिलं नाही
कामतघर या यंत्रमागांच्या वस्तीत सायबर कॅफे चालवणाऱ्या ताईंचे माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत. कापडाच्या खळीचा वास आला की मला त्यांचा कॅफे आठवतो, कारण शुक्रवारी लूम बंद असत आणि कामगार तोच वास अंगावर घेऊन तिथे गावाकडचे फोटो बघायला येत. मी कॉलेजात होतो, घरी कॉम्प्युटर नव्हता. ताई मला फुकट बसू देत. एका गुरुवारी त्यांना विचारूनच मी एका मशीनवर ब्राउझरची चाचणीसाठी निघालेली नवी आवृत्ती टाकली आणि मागे जायचं बटण वरून काढून खाली नेलं. मला ते फार सोयीचं वाटलं. दुसऱ्या दिवशी, नुकतीच मुलगी झालेला एक कामगार तिचा पहिला फोटो बघायला बसला आणि भलत्याच पानावर अडकला. "भाई, पीछे वाला बटन किधर गया?" तो रडवेला झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "कल लूम का हैंडल भी छत पे लगा देना!" आपलं इथलं बसणं आता संपलं, असं वाटून मी दाराकडे सरकलो. "पळतो कुठं?" ताई म्हणाल्या. "त्याच्या बाजूला बस. त्याचा हात कुठं जातो ते बघ." त्याचा हात दर वेळी माउस वरच्या डाव्या कोपऱ्याकडेच नेत होता. मी बटण तिथे परत आणलं आणि फोटो उघडला. तो स्क्रीनवर बोट फिरवत हसला. "प्रयोग कर," ताई मला म्हणाल्या, "पन शुक्रवारी न्हाय." आज मी ब्राउझरच्या मांडणीचंच काम करतो. नोकरी लागल्यावर मी त्यांना पत्र पाठवलं: "ताई, आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, पण हे काम मी तुमच्याकडे शिकलो. नवं काही केलं की आधी वापरणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसतो. त्या दिवशी तुम्ही मला जाऊ दिलं नाही, त्याबद्दल मनापासून आभार."